घरच्या घरी भाजीपाल्याची रोपं : पहिले 10 ट्रे आणि एका रोपाचा खरा खर्च



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ट्रे भरणं, बी टोकणं आणि पाणी देणं प्रत्यक्ष करून बघितलं. पण व्हिडिओत हिशोब नीट मांडता येत नाही, आणि वेळापत्रक लिहून घ्यायला तुम्हाला दहा वेळा थांबवावं लागतं. म्हणून हा सविस्तर लेख. वही-पेन घेऊन बसा.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांना गच्चीत किंवा परसात चार भाज्या लावायच्या आहेत आणि त्यासाठी रोपं घरीच करायची आहेत. दोन, ज्यांच्या डोक्यात आलंय की "मॅडम, हीच रोपं विकली तर?" दुसऱ्या गटाला माझं पहिल्यांदाच सांगणं आहे, की आधी पहिल्या गटात या. स्वतःच्या बागेत ज्या रोपाला फळ धरलेलं तुम्ही बघितलं नाही, ते रोप दुसऱ्याला विकू नका. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "याला टोमॅटो कधी लागतील?" त्याचं उत्तर पाठ करून देता येत नाही, ते अनुभवातूनच यावं लागतं.

सगळ्याच भाज्यांची रोपं करायची नसतात

नवीन माणूस दुकानात येतो आणि मेथीपासून गाजरापर्यंत सगळी पाकिटं उचलतो. थांबा. भाज्यांचे आधी दोन गट करा.

थेट जागेवर पेरायच्या भाज्या : मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर, पालक, भेंडी, गवार. मुळा आणि गाजर यांचं तर मूळच आपण खातो. ते ट्रेमध्ये वाढवून उपटून दुसरीकडे लावलं की वाकडं होतं, फाटे फुटतात. मेथी-कोथिंबीर दाट लागते आणि बी स्वस्त असतं, त्यामुळे एकेक रोप करण्यात अर्थ नाही.

रोप करून लावायच्या भाज्या : टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, वांगं, कोबी, फ्लॉवर. यांचं बी बारीक असतं, संकरित असेल तर महाग असतं, आणि सुरुवातीचे तीन-चार आठवडे फार नाजूक असतात. ते दिवस आपल्या नजरेखाली काढले तर पुढे मर कमी होते.

काकडी, दोडका, कारलं, दुधी हे मधले. जागेवर आळं करूनही लावता येतात आणि ट्रेमध्येही होतात. फक्त ट्रेमध्ये केले तर 12 ते 15 दिवसांत बाहेर काढायचे. वेलवर्गीय रोपाच्या मुळांना जास्त वेळ कोंडून ठेवलेलं चालत नाही.

सामान किती लागतं?

सुरुवातीला दोन ट्रे घ्या. हो, दोनच. दहा ट्रेचा हिशोब पुढे देते, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीसाठी.

1. प्रोट्रे : काळ्या प्लास्टिकचा, कप्प्यांचा. टोमॅटो, मिरची, वांगं, कोबी यांना 98 कप्प्यांचा ट्रे सर्रास वापरतात. वेलवर्गीयांना मोठा कप्पा लागतो, म्हणून 50 कप्प्यांचा घ्या. प्रत्येक कप्प्याला खाली भोक आहे ना ते बघून घ्या.

2. कोकोपीट : 5 किलोची दाबलेली वीट मिळते. भिजवली की फुगून साधारण 60 ते 70 लिटर होते. एका 98 च्या ट्रेला सव्वादोन ते अडीच लिटर लागतं, म्हणजे एका विटेत जवळपास 25 ट्रे भरतात. दोन ट्रेसाठी 650 ग्रॅमची छोटी वीट पुरते.

3. गांडूळखत : चाळून घेतलेलं. तीन भाग कोकोपीटला एक भाग.

4. बारीक झारी किंवा हाताचा फवारा. नळाची धार ट्रेवर सोडलीत तर बी उडून शेजारच्या कप्प्यात जातं.

5. हिरवी शेडनेट, 50 टक्के सावलीची. बाल्कनीत एक तुकडा बांधला तरी चालतो.

6. लेबलं. आइस्क्रीमच्या काड्या चालतील. पण लेबल हवंच. उगवल्यावर टोमॅटो आणि वांगं कळेल, पण दोन वेगळ्या वाणांचे टोमॅटो कुणालाही ओळखता येत नाहीत.

बागेतली माती ट्रेमध्ये भरू नका. छोट्या कप्प्यात माती घट्ट बसते, पाणी तुंबतं आणि मातीतली बुरशी, तणाचं बी असं सगळं सोबत येतं.

बियाणं घेताना पाकीट वाचा

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात जे असतं तेच कामाचं असतं. उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख, वापरण्याची मुदत आणि लॉट नंबर हे चार आकडे वहीत उतरवा किंवा पाकिटाचा फोटो काढून ठेवा. पुढे कुणी तक्रार केली तर हाच तुमचा पुरावा.

संकरित आणि सुधारित यातला फरकही समजून घ्या. संकरित वाणाच्या फळातलं बी काढून तुम्ही पुन्हा रोपं केलीत तर ती आई-बापासारखी निघतीलच असं नाही. स्वतःच्या बागेत गंमत म्हणून करा, पण तेच नाव सांगून विकू नका. सुधारित वाणाचं बी मात्र काळजीपूर्वक धरता येतं. टोमॅटोत पुसा रुबी, मिरचीत पुसा ज्वाला, वांग्यात आपल्या पुण्याकडचं मांजरी गोटा ही जुनी, माहितीतली नावं आहेत. घरच्या बागेसाठी अशा वाणांपासून सुरुवात केली तर बियाण्यावरचा खर्चही कमी राहतो.

पाकिटातलं बी गुलाबी, निळं, हिरवं दिसलं तर ते औषध लावलेलं आहे. हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा. उरलेलं बी स्वयंपाकघराच्या डब्यांजवळ ठेवायचं नाही.

पाकीट जुनं असेल तर उगवण चाचणी घ्या. खरिपाच्या तोंडावर आपले शेतकरी सोयाबीनचं बी गोणपाटात गुंडाळून तपासतात, तेच तंत्र. 20 बिया ओल्या कागदी रुमालात ठेवा, गुंडाळा, डब्यात ठेवून रोज ओल बघा. टोमॅटो असेल तर आठ दिवसांनी मोजा. 20 पैकी 16 उगवल्या म्हणजे 80 टक्के. 20 पैकी 9 उगवल्या तर ट्रे भरण्याचे कष्ट वाचवा, नवीन पाकीट आणा.

ट्रे भरण्यापासून उगवणीपर्यंत

कोकोपीट भिजवून एकदा पिळून टाका, मग पुन्हा पाणी घालून पिळा. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये कोवळी मुळं करपतात. मग गांडूळखत मिसळा. ओल बरोबर आहे का हे बघायला मूठभर मिश्रण दाबा. गोळा झाला पाहिजे, आणि बोटांतून एक-दोन थेंबच पडले पाहिजेत. धार लागली तर पसरून ठेवा.

कप्पे भरा, पण कोंबू नका. भरलेल्या ट्रेवर दुसरा रिकामा ट्रे ठेवून हलकं दाबलं की प्रत्येक कप्प्यात एकसारखा खड्डा पडतो. अर्धा सेंटिमीटर पुरे. एका कप्प्यात एक बी. वरून मिश्रणाचा पातळ थर, मग झारीने पाणी. लेबलावर पीक, वाण आणि पेरणीची तारीख. एका ट्रेत एकच पीक ठेवा. टोमॅटो आणि मिरची एकाच ट्रेत घातलीत तर टोमॅटो पाचव्या दिवशी उजेड मागतो आणि मिरची अजून झोपलेली असते.

आता ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदाने झाकून घरात उबदार जागी ठेवा. 25 ते 30 अंश तापमानात टोमॅटो-मिरची चांगली उगवते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुण्याकडे रात्रीचा गारठा असतो, तेव्हा घरात ठेवण्याचा खरा फायदा दिसतो. उन्हाळ्यात मात्र प्लास्टिकखाली बी उकडू शकतं, म्हणून सावली आणि हवा हवी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या दिवसापासून रोज झाकण उघडून बघायचं. पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी प्लास्टिक काढून ट्रे सुटे करायचे. "उद्या बघू" म्हटलंत की एका रात्रीत पांढरे, लांब, दोऱ्यासारखे कोंब होतात आणि ते पुन्हा कधी धड होत नाहीत.

वेळापत्रक : हे भिंतीवर लावा

टोमॅटो : उगवण 5 ते 8 दिवस, लागवडीला तयार 22 ते 28 दिवसांत.
वांगं : उगवण 6 ते 10 दिवस, तयार 30 ते 35 दिवसांत.
मिरची, ढोबळी मिरची : उगवण 8 ते 12 दिवस, तयार 35 ते 40 दिवसांत.
कोबी, फ्लॉवर : उगवण 3 ते 5 दिवस, तयार 22 ते 28 दिवसांत.
काकडी, दोडका, दुधी, कारलं : उगवण 4 ते 8 दिवस, तयार 12 ते 15 दिवसांत. कारल्याचं टरफल जाड असतं, बी रात्रभर भिजवून लावा.

म्हणजे मिरचीचं रोप 15 जूनला हवं असेल तर पेरणी मेच्या पहिल्या आठवड्यात. दसऱ्याच्या सुमाराला टोमॅटो द्यायचे असतील तर चार आठवडे आधी. कधीही तारीख उलटी मोजायची, गिऱ्हाइकाला रोप कधी हवं तिथून मागे.

उजेड : घरात रोप करणाऱ्यांची खरी परीक्षा

उगवेपर्यंत बीला घर चालतं. उगवल्यावर रोपाला घर चालत नाही. आपल्या डोळ्यांना खिडकीजवळ भरपूर उजेड वाटतो, पण रोपाला तो कमी पडतो. मग ते उजेडाच्या दिशेने मान ताणतं, खोड बारीक राहतं, आणि कुंडीत लावलं की वाऱ्याने आडवं होतं. अशा लांबोडक्या रोपाला "उंच आहे, छान वाढलंय" म्हणून खुश होणारे पुष्कळ भेटतात. चांगलं रोप बुटकं, जाड खोडाचं आणि गडद हिरवं असतं.

म्हणून उगवल्याबरोबर ट्रे बाल्कनीत किंवा गच्चीत शेडनेटखाली हलवा. सकाळचं चार-पाच तास कोवळं ऊन मिळालं तर उत्तम. एकाच बाजूने उजेड येत असेल तर ट्रे रोज फिरवा. फ्लॅटमध्ये अजिबात ऊन येत नसेल तर पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर लावून 14 ते 16 तास चालू ठेवता येते. पण विकण्यासाठी रोपं करणार असाल तर विजेचं बिल आधी हिशोबात धरा.

रोपं कोलमडतात तेव्हा नेमकं काय होतं

संध्याकाळी ट्रे हिरवागार, सकाळी एका कोपऱ्यातली वीस रोपं आडवी. जवळून बघितलं तर मातीलगत खोड पाणचट आणि सुतासारखं बारीक झालेलं. याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे हे होतं. या बुरशींना तीन गोष्टी आवडतात : सतत ओल, दाटी आणि कोंडलेली हवा. आपण प्रेमापोटी जास्त पाणी घालतो, तेव्हा त्यांचीच सोय करत असतो.

कोलमडलेलं रोप परत उभं राहत नाही. त्यामुळे सगळा भर आधीच्या काळजीवर :

पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. रात्रभर पानं आणि खोड ओलं राहू देऊ नका.
वरचा थर किंचित फिका दिसला, ट्रे उचलून हलका लागला, की मगच पाणी.
ट्रे जमिनीवर ठेवू नका. विटांवर किंवा जाळीच्या रॅकवर ठेवा, खालून हवा खेळू द्या.
जुना ट्रे पुन्हा वापरण्याआधी घासून धुवा. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात 10 मिनिटं बुडवून ठेवा, मग स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा.
मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळा. ही उपयोगी बुरशी आहे, ती रोगाच्या बुरशीला जागा मिळू देत नाही.
आणि एवढं करूनही एका कोपऱ्यात लागण दिसली तर तो भाग लगेच काढून लांब टाका, पाणी थांबवा, हवा वाढवा.

दुसरा शत्रू म्हणजे रस शोषणारी कीड. पांढरी माशी टोमॅटोत पानं वळवणारा विषाणू आणते, मिरचीत फुलकिडे पानं चुरडतात. विषाणू आलेलं रोप औषधाने बरं होत नाही. म्हणून बारीक जाळी बांधा आणि पिवळे चिकट सापळे लावा. पानं वळलेलं एकही रोप विक्रीला जाता कामा नये, कारण तुम्ही रोपासोबत रोगही गिऱ्हाइकाच्या बागेत पाठवता.

खताचं थोडक्यात : कोकोपीटमध्ये अन्न फार नसतं. दोन खरी पानं आली की आठवड्यातून एकदा 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ते 2 ग्रॅम एवढंच द्या. शेवटचे पाच-सात दिवस पाणी कमी करा आणि ऊन हळूहळू वाढवा. रोप कणखर होतं. लाडात वाढलेलं रोप थेट दुपारच्या उन्हात लावलं तर दोन दिवसांत मान टाकतं.

आता हिशोब : 77 पैसे की 3 रुपये 16 पैसे?

इथे जागे व्हा, कारण पुढचा सगळा धंदा या एका आकड्यावर आहे.

समजा तुम्ही टोमॅटोचे 10 ट्रे केले. 98 गुणिले 10, म्हणजे 980 कप्पे. खालचे भाव मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका, पद्धत तीच राहील.

बियाणं, 30 पैसे प्रमाणे 980 बिया : 294 रुपये
कोकोपीट, ट्रेला 8 रुपये : 80 रुपये
गांडूळखत : 40 रुपये
ट्रायकोडर्मा आणि विद्राव्य खत : 30 रुपये
ट्रेची झीज, 25 रुपयांचा ट्रे पाच वेळा वापरला असं धरून : 50 रुपये
पॅकिंग, विकलेल्या रोपाला 50 पैसे : 263 रुपये
तुमचा वेळ, 15 तास, तासाला 60 रुपये : 900 रुपये

एकूण : 1,657 रुपये.

बहुतेक जण काय करतात? स्वतःच्या वेळेचे 900 रुपये धरतच नाहीत. "घरीच तर असतो, त्याचे कसले पैसे?" मग उरले 757 रुपये. त्याला 980 ने भागायचं, आणि उत्तर येतं 77 पैसे. झालं! "77 पैशांचं रोप मी 3 रुपयांना विकणार, चौपट कमाई!"

आता खरी गोष्ट बघा. 980 पैकी 85 टक्के उगवले, म्हणजे 833. त्यातली कमजोर, वाकडी, कोलमडलेली काढून टाकली की विकण्याजोगी उरली समजा 750. आणि ती सगळी वेळेत विकली जातात का? नाही. समजा 70 टक्के गेली, म्हणजे 525. उरलेली ट्रेमध्ये म्हातारी झाली.

1,657 भागिले 525. एका विकलेल्या रोपाचा खरा खर्च 3 रुपये 16 पैसे.

म्हणजे 3 रुपयांना विकलं तर हातात येतात 1,575. तुमची मजुरी धरता 82 रुपयांचा तोटा. 5 रुपयांना विकलं तर 2,625 येतात, मजुरी सुटून वर 968 रुपये राहतात. तेच ट्रे, तेच कष्ट. फरक फक्त आपण खर्च कुठल्या आकड्याने भागला याचा.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी हा तक्ता फळ्यावर बघितला आणि म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे मी चार महिने फुकट राबतेय." त्यांचा भाव 3 रुपयेच होता, आणि रोपं खरोखर सुंदर होती. मेहनतीत काही कमी नव्हतं, वहीत एक ओळ कमी होती. मजुरीची. त्यांनी भाव वाढवला, दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली.

भाव 5 रुपये कोण देईल?

रास्त प्रश्न. शेतकरी देणार नाही. त्याला एकरी हजारो रोपं लागतात आणि मोठ्या शेडनेट रोपवाटिका ती तुमच्यापेक्षा स्वस्तात देतात. जुन्नर-नारायणगावसारख्या टोमॅटोच्या पट्ट्यात जाऊन तुम्ही 10 ट्रेच्या जिवावर स्पर्धा करू शकत नाही, आणि करायचीही नाही.

तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. ज्याच्याकडे सहा कुंड्या आहेत, त्याला सहाच रोपं हवीत. त्याला बियाण्याचं अख्खं पाकीट नको, अर्धा ट्रेही नको. म्हणून सुटं रोप विकण्यापेक्षा संच करा. चार टोमॅटो, तीन मिरच्या, दोन वांगी, एक काकडी, असा दहा रोपांचा "स्वयंपाकघर संच". सोबत एक चिठ्ठी : वाणाचं नाव, पेरणीची तारीख, कुंडीचा आकार, पाणी कधी, पहिलं फळ साधारण कधी. या चिठ्ठीला छपाईचे थोडे पैसे जातात, पण गिऱ्हाईक परत येतं ते तिच्यामुळे.

विकायची जागा : सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, शाळेचा पालक गट, आठवडी बाजार, ओळखीचं किराणा दुकान. रोपं संध्याकाळी द्या आणि त्याच संध्याकाळी लावायला सांगा. भर दुपारी दिलेलं रोप घरी पोचेपर्यंत कोमेजतं आणि नाव तुमचं खराब होतं.

रोप म्हणजे दूध, पापड नव्हे

पापड दोन महिने डब्यात राहतो. रोप दुधासारखं आहे, वेळ टळली की नासलं. टोमॅटोचं रोप ट्रेमध्ये महिन्याच्या पुढे गेलं की मुळं कप्प्यात गोल गोल फिरतात, पानं पिवळी पडतात, आणि लावल्यावरही ते लवकर जोर धरत नाही. वर हिशोबात जी 225 रोपं वाया गेली, ती रोगाने नाही, वेळेने गेली.

त्यावर उपाय म्हणजे 10 ट्रे एकाच दिवशी पेरू नका. दर आठवड्याला 2 ट्रे पेरा. मग पाच आठवडे दर शनिवारी तुमच्याकडे ताजी रोपं असतील. या आठवड्यात विक्री मंद वाटली तर पुढच्या आठवड्यात एकच ट्रे पेरायचा. ऑर्डर आधी घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या, मग पेरा. पण ऑर्डर 50 रोपांची असेल तर 50 बिया पेरू नका, 70 पेरा. उगवण आणि निवड दोन्हीची जागा सोडायची.

कागदपत्रं

घरच्या बागेसाठी काही लागत नाही. विक्री सुरू करणार असाल तर एक लक्षात ठेवा : बियाणे अधिनियम 1966 मधल्या "बियाणे" या शब्दाच्या व्याख्येत रोपंसुद्धा येतात, आणि बियाण्याच्या विक्रीला 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. म्हणून नियमित विक्रीआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन तुमच्या कामाचं स्वरूप सांगा आणि काय लागेल ते लिहून घ्या. बियाण्याची मोठी पाकिटं फोडून छोट्या पुड्या करून विकण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. बियाण्याची पावती आणि रिकामं पाकीट त्या लॉटची रोपं विकून हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

या महिन्याचा गृहपाठ

दोन ट्रे. एक टोमॅटो, एक मिरची. विक्री नाही, जाहिरात नाही. वहीत चार रकाने करा : किती पेरल्या, किती उगवल्या, किती विकण्याजोगी झाली, माझी किती मिनिटं गेली. रोज संध्याकाळी एक ओळ लिहा. दहा-दहा रोपं स्वतःच्या कुंड्यांत लावा, उरलेली शेजाऱ्यांना द्या आणि महिन्याने जाऊन बघा, किती जगली.

हे चार आकडे तुमच्या हातात आले की धंदा करायचा की नाही हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही. आकडे चांगले आले तर दर आठवड्याला दोन ट्रे सुरू करा. नाही आले, तर तुमचे काही शे रुपये गेले आणि घरच्या टोमॅटोची चटणी मिळाली. पन्नास ट्रे आणि भाड्याची जागा घेऊन हेच शिकण्यापेक्षा हा सौदा फार स्वस्त आहे.

तुमचे आकडे व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात आपण त्यातलेच दोन-तीन हिशोब घेऊन भाव कसा ठरवायचा ते सोडवू. चला, कोकोपीट भिजत घाला!